रविवारचे पोहे आणि तुटणारं नेट

माझा स्वभाव मूळचाच संशयी. दूधवाला लवकर आला तरी मला वाटतं, आज पाणी जास्त घातलं असणार. त्यामुळे आमच्या मीरा रोडच्या घरात वायरलेस नेट आलं आणि नेमकं रविवारी सकाळी तुटायला लागलं, तेव्हा ते आपोआप तुटतंय यावर माझा अजिबात विश्वास बसला नाही. कोणीतरी तोडतंय, हे मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं.

नेट घेतलं होतं ताईसाठी. मामाने तिला अमेरिकेतलं स्थळ आणलं होतं. मुलगा तिकडे नोकरीला, त्याची आई त्याच्याकडे राहायला गेलेली. सुट्टी मिळत नाही म्हणून बघण्याचा कार्यक्रम लॅपटॉपवर करायचा ठरला. लॅपटॉप माझ्या ऑफिसचा, म्हणून सगळी जबाबदारी माझी. स्थळाचं ऐकलं तेव्हा ताई एवढंच म्हणाली होती, "मला नाही जायचं तिकडे." ती नया नगरमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती, नुकतीच तिथली मुख्य झाली होती. आई म्हणाली, "सगळ्या मुली आधी असंच म्हणतात." आणि विषय संपला.

आई रत्नागिरीची. तिच्या लेखी कार्यक्रम म्हणजे पोहे. मी विचारलं, "अगं, खाणार कोण?"

"आपण खाऊ. पण त्यांना दिसले पाहिजेत. आणि वाफ दिसली पाहिजे, नाहीतर कालचे वाटतील."

केबलवाल्याची वायर स्वयंपाकघराच्या ग्रिलमधून आत यायची, म्हणून राऊटर फ्रिजवर ठेवला होता. खाली ओट्यावर दिवाळीत घेतलेला मायक्रोवेव्ह, आणि दाराबाहेर लगेच जेवणाचं टेबल. लॅपटॉप त्या टेबलावर, कारण उजेड तिथेच चांगला.

पहिल्या रविवारी मुलाच्या आईचा चेहरा पडद्यावर आला. "ऐकू येतंय ना?" दोन्ही बाजूंनी हेच चाललं होतं. हवापाण्याच्या गप्पा झाल्या. आईने पोहे पुन्हा गरम करायला घेतले आणि तिकडे त्या बाई तोंड अर्धं उघडं ठेवून थिजल्या. मग फोन तुटला. पुन्हा लागला, ताईने वाफाळती बशी पुढे धरली, नमस्कार केला. "पासपोर्ट आहे का हो हिचा?" असं त्या विचारतायत तोवर ताई म्हणाली, "गार झाले, आणते," आणि आत गेली. त्या बाई परत थिजल्या. आईला तो अपशकुन वाटला. मला तो समोरच्या काकांचा उद्योग वाटला.

काका गुजराती, भाईंदरला स्टीलच्या भांड्यांचा कारखाना. नेट बसलं त्या दिवसापासून त्यांची चौकशी चालू होती. "बेटा, वायरलेस लिया ना? अच्छा है, अच्छा है." कोणाच्या घरी काय आलं याचा एवढा आनंद माणसाला उगीच होत नाही. मी त्याच रविवारी संध्याकाळी राऊटरला पासवर्ड घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी काका दारात. "बेटा, मेरा नेट बंद हो गया. तुम्हारा चालू है क्या?"

मला इतका आनंद झाला की चहा सांडला. चोर सापडला. आता रविवार सुरळीत जाणार.

रविवारी पुन्हा तेच. मुलाने ताईला विचारलं, "तुम्हाला इकडे यायला कधी जमेल?" ताई उठली, "थांबा हं, पोहे गार झाले." ती आत गेली आणि लॅपटॉपवरच्या रेंजच्या कांड्या एकेक करून गळल्या. काका तर आता आमच्या नेटवर नव्हतेच. मग मी केबलवाल्यावर आले. तो म्हणाला, "मॅडम, लाइन बराबर है, आपका डब्बा खराब होगा." डबा बदलून आणला. त्यानंतर संशय थेट मुलावर गेला. कदाचित त्यालाच लग्न करायचं नसेल. आईच्या धाकाने बसत असेल आणि तिकडून वायर काढत असेल. त्याचा चेहराही मला तसाच वाटायला लागला. मी आईला म्हटलंसुद्धा, "मुलगा सरळ वाटत नाही." आई म्हणाली, "तुला देवसुद्धा सरळ वाटत नाही."

मधल्या एका संध्याकाळी मी टेबलावर ऑफिसचं काम करत होते. नेट छान चाललं होतं. आईने माझ्यासाठी आमटी गरम करायला ठेवली आणि कांड्या गळल्या. मायक्रोवेव्ह थांबला, कांड्या आल्या. मी उठून पाण्याचा कप आत ठेवला. गेल्या. बंद केला. आल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. मी केवढ्या माणसांना चोर ठरवलं होतं, आणि चोर आमच्या ओट्यावर बसून आमटी गरम करत होता.

आईला हाक मारणार होते, पण थांबले. एक गोष्ट खटकली. गेल्या रविवारी ताईने उचलून नेली त्या बशीतून वाफ येत होती. मी स्वतः बघितली होती. गरम पोहे गरम करायला कोण नेतं?

ताई लॅबमधून आली, तशी मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. आई खाली भाजी घ्यायला गेली होती. मी काही न बोलता मायक्रोवेव्हवर बोट ठेवलं. ती हात धूत होती, तशीच धूत राहिली.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी. आई गरम करत होती आणि त्या बाई थिजल्या. म्हटलं, बघू परत होतंय का. झालं." तिने नळ बंद केला. "आईला सांगणारेस?"

"तू सरळ नाही का सांगत?"

"सांगितलं होतं ना. तोंडाने सांगितलं होतं. तूपण होतीस तिथे. कोणी ऐकलं?"

तिची फार दया आली आणि रागही आला. शेवटी म्हटलं, "अगं, नेट तुटलं म्हणजे नकार होत नाही. मामा दुसरं नेट बसवून देईल आणि तारीख काढेल. मग काय गरम करणार आहेस?"

तिने हात पुसले आणि ती बाहेर गेली. मी आईला काही सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी मामा फोनवरून आईला बजावून मोकळा झाला होता, आज साखरपुड्याचं ठरवूनच टाका. पोहे झाले, खोबरं भुरभुरलं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीच्या टोकावर बसले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले, कारण तिथून ताईचा चेहरा दिसत होता आणि मायक्रोवेव्हचं बटणही हाताशी होतं. तिने नुसती मान हलवली असती तरी मी ते दाबलं असतं.

"ऐकू येतंय ना?" पलीकडून. "येतंय, येतंय," आई. मग त्या बाई म्हणाल्या, "दिवाळीच्या आसपास आम्ही येतोय. तेव्हाच उरकून घेऊ या का?"

ताईने बशीकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिचा हात बशीपर्यंत गेला. मग तिने बशी बाजूला सरकवली.

"मला तिकडे यायचं नाहीये," ती पडद्याकडे बघून म्हणाली. "माझं काम इथे आहे आणि मला इथेच राहायचंय. तुमच्यात काही वाईट नाही."

आई पडद्यात दिसणार नाही अशी वाकून माझ्याजवळ आली. "बंद कर ते नेट," ती दबक्या आवाजात म्हणाली. "तोड ना लवकर." इतके रविवार जे टिकावं म्हणून तिने देव पाण्यात ठेवले होते, ते.

मी मागे हात घातला आणि मायक्रोवेव्हचा प्लग काढला. चुकूनसुद्धा कोणी लावू नये म्हणून तो मुठीत धरून उभी राहिले. कांड्या सगळ्या भरलेल्या होत्या. पलीकडे मायलेक हलत नव्हते, आणि क्षणभर मला शंका आली की परत थिजले की काय. तसं ताईलाही वाटलं असावं.

"ऐकू येतंय ना?" तिने विचारलं.

"हो," मुलगा म्हणाला. "स्पष्ट येतंय."

त्या दिवशीचे पोहे आम्ही गारच खाल्ले. पहिली बशी बाबांनी उचलली.