बाद चिपचे वकील

आमच्या धाकट्या दिरांइतका चिवट माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर दोघांची गाठ न पडलेली बरी. ‘नवीन घेऊन टाका’ हे शब्द त्यांना शिवीसारखे लागतात. तळा गावी एकटे राहतात. घरात बसायला एकच खुर्ची मोकळी, बाकीच्यांवर लोकांनी टाकून दिलेली यंत्रं बसलेली. लग्नाला गेले की आहेर देऊन झाल्यावर मांडवातला स्पीकर उघडून बसतात. एकदा मंगलाष्टकं त्यांच्यासाठी खोळंबली होती. मला भेटले की आधी मिक्सर नीट चालतोय ना ते विचारतात, मग मी कशी आहे ते.

यंदा नारळी पौर्णिमेच्या तोंडावर आमच्या बर्फाच्या कारखान्यातला तापमान मोजणारा सेन्सर गेला. नवा बसवला, तर कंट्रोल बोर्डाला त्याचं बोलणं कळेना. बोर्डावरच्या चिपमधला प्रोग्राम भावजींनीच पूर्वी लिहिलेला. तो बदलायला हवा होता. बर्फ भरल्याशिवाय बोटी समुद्रात जात नाहीत, आणि गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या बंदरावर बर्फ घ्यायला लागलं की परत फिरकत नाही. मी फोन केला. भावजी सकाळच्या एसटीने हजर.

प्रोग्राम चिपला कळेल अशा रूपात आणतो तो कंपायलर. भावजींच्या लॅपटॉपवरचा कंपायलर नवाकोरा, आणि आमची चिप इतकी जुनी की त्याने तिला ओळखच दाखवली नाही.

“नवा बोर्ड मागवते,” मी म्हटलं.

“वहिनी, बोर्ड धडधाकट आहे. ओळख पटत नाही म्हणून घराबाहेर काढायचं?”

मग त्यांनी आमच्या गावची रीत वापरली. आमच्याकडे अनोळखी पोराला दारात कोणी अडवलं, तर ते थोरल्या भावाचं नाव सांगतं आणि सरळ पंगतीत जाऊन बसतं. भावजींनी कंपायलरला त्याच घराण्यातल्या थोरल्या चिपचं नाव सांगितलं. त्याने मुकाट्याने प्रोग्राम तयार करून दिला. बोर्ड सुरू केला, तर मेल्यासारखा गप्प.

तेवढ्यात एका बोटीचा तांडेल दारात आला. “काय गो वहिनी, बरफ हाय का न्हाय? न्हायतर मी पलीकडच्या बंदराला जातो.”

“जा की. येताना आम्हालाही आण,” भावजी मान वर न करता म्हणाले. मी घाईघाईने तांडेलाला चहा देऊन बसवलं.

चूक सापडली ती जेवताना. थोरल्या चिपची मेमरी मोठी. प्रोग्राम आपलं सामान तिच्या शेवटच्या फळीवर ठेवायला जात होता, आणि धाकटीत ती फळीच नव्हती. “नाव थोरलीचं चालतं, घर नाही चालत,” असं म्हणून भावजींनी ताट सारलं आणि मेमरी कुठे सुरू होते, कुठे संपते, प्रोग्रामने पहिलं पाऊल कुठे टाकायचं, सगळं हाताने लिहून कंपायलरपुढे ठेवलं. तो पुन्हा पुन्हा नाही म्हणाला. भावजी दर वेळी हो म्हणाले. ताटातलं कालवण गारढोण झालं. संध्याकाळी हिरवा दिवा लागला आणि कॉम्प्रेसर गुरगुरला. दुसऱ्या दिवशी बर्फाच्या पहिल्या लाद्या त्याच तांडेलाच्या बोटीत गेल्या.

“राहा आता चार दिवस,” मी म्हटलं.

“काम काय आता? बिघडलं की कळवा.” पिशवी खांद्याला लावून ते निघालेसुद्धा.

यंत्र तेव्हापासून एकदाही अडलेलं नाही. त्यामुळे भावजीही आलेले नाहीत. परवा मीच फोन केला, कॉम्प्रेसर जरा ठोके देतोय म्हणून. त्यांनी फोन यंत्राजवळ धरायला लावला, बराच वेळ ऐकलं.

“ठणठणीत आहे, वहिनी,” म्हणाले. आवाज अगदी पडलेला.