पासष्ट टक्के

माझ्या कॉम्प्युटरमधली बाई फार भरभर बोलते. मला डोळ्यांनी दिसत नाही. पडद्यावर जे येतं ते ती मला वाचून दाखवते, आणि मी तिचा वेग इतका वाढवून ठेवला होता की बाबा म्हणायचे, "ही बया श्वास कधी घेते?" पण तिचा ळ स्वच्छ, ण स्वच्छ, आणि तिच्या जोरावर मी घरबसल्या नोकरी करत होते. मुलाखतींची ध्वनिमुद्रणं यायची, ती ऐकून मी टाइप करायची. विश्रांतवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत बसून, कुणाचं बोट न धरता.

आणि एक दिवस ऑफिसातून निरोप आला की सोमवारपासून त्यांची साइट माझ्या जुन्या सिस्टिमवर उघडणार नाही. माझ्याकडे आठ नंबरची होती. आता एकतर दहा घ्या नाहीतर अकरा, काय ते तुमचं तुम्ही ठरवा. निरोप पाठवणाऱ्याला ते कोथिंबिरीची जुडी निवडण्याइतकं सोपं वाटलं असावं.

सदाशिव पेठेतल्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "ताई, सिंपल आहे. दहा टाकली तर तुमची बाई बहुतेक बोलेल. अकरावर ती चालणार नाही, तिथे कंपनीचा स्वतःचा आवाज आहे. फक्त दहाचे अपडेट आता बंद झालेत, म्हणजे आज ना उद्या परत हेच करायला लागणार."

"बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे... होप सो."

असल्या उत्तरांनी माझं डोकं फिरतं. बाई एकदा गेली की कायमची जाणार होती, कारण तिला बनवणारी मंडळी केव्हाच गाशा गुंडाळून बसली होती. नव्या आवाजाची कानाला सवय व्हायची म्हणजे काही महिने. तोवर कामाचा वेग निम्मा, आणि निम्म्या वेगाच्या माणसाला ऑफिस किती दिवस ठेवून घेणार? नोकरी गेली तर दुसरी कोण देणार होतं मला?

बाबांचं मत तिसरंच. "चालतंय ना? मग कशाला खाजवून खरूज काढायची?"

"सोमवारपासून चालणार नाही, बाबा."

"मग मंगळवारी बघू."

शेवटी मी दहा घ्यायचं ठरवलं. जुनी तर जुनी, आपली बाई राहील. शनिवारी सकाळी तो आला, माझं काम पेनड्राइव्हवर घेतलं, सगळं सुरू करून दिलं आणि वाघोलीला दुसऱ्या कॉलवर निघाला. जाताना म्हणाला, "मधे बाई गप्प होईल. पडद्यावर टक्के वाढत जातील, ते कुणीतरी बघत राहा. आणि काही झालं तरी मधेच बंद करू नका."

माझ्या फोनच्या कॅमेऱ्याला छापील अक्षरं वाचता येतात. पडद्याच्या चकाकीपुढे तो जरा अडखळतो, तरी मी तो हातात घेतला. बाबांनी खुर्ची ओढली. "मी असताना फोन कशाला? तुझं अख्खं बी.ए. मी वाचून काढलंय."

ते खरंच होतं. नववीत माझी दृष्टी गेली. तेव्हापासून कामावरून आले की चहा घेऊन बाबा माझी पुस्तकं वाचायला बसायचे. फ्रेंच राज्यक्रांती मला अजून त्यांच्या शेऱ्यांसकट आठवते. हल्ली मात्र पेपर वाचायला सांगितला की, "आज काही विशेष नाही," म्हणून घडी घालून ठेवायचे. मला वाटायचं, वयानुसार कंटाळा येत असेल.

बाई गप्प झाली. तिच्याशिवाय माझ्यापुढचा कॉम्प्युटर म्हणजे नुसता गरम खोका. आतली डिस्क कुरकुरत होती, त्या आवाजाला मी कान लावून बसले.

"वीस टक्के," बाबा म्हणाले. मग पंचवीस. मग तीस. दर थोड्या वेळाने पाच वाढत होते, अगदी शहाण्या मुलासारखे.

"साठ... पासष्ट."

तेवढ्यात डिस्कची कुरकुर थांबली. मी कॅबिनेटवर हात ठेवला. पंखा फिरत होता, बाकी आत काही हालचाल नव्हती. मी वाट पाहिली.

"बाबा, अजून पासष्टच?"

"सत्तर," ते म्हणाले. फार पटकन म्हणाले.

मला काहीतरी खटकलं. "आकडा पडद्यावर कुठे आहे?"

खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज आला. मग, "मधे असेल."

"असेल?"

"मधलंच दिसत नाही गं मला. कडेची खिडकी दिसते, तुझा हात दिसतो. जिथे बघायला जावं नेमकं तिथेच काळं."

"कधीपासून?"

"गणपती झाले, तेव्हापासून."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तुझ्यासमोर कुठल्या तोंडाने रडू?"

आधी मला संताप आला. माझी नोकरी पणाला लागलेली आणि हा माणूस मनाचे आकडे सांगतोय! मग ते काय म्हणाले ते डोक्यात शिरलं. त्यांचे डोळे आहेत या भरवशावर मी इतकी वर्षं कुणाला न घाबरता जगले होते. ते डोळे जात होते आणि शेजारी बसून मला पत्ता नव्हता.

पण मशीन अजून थांबलेलंच होतं. मी फोन पडद्यासमोर धरला, वर केला, खाली केला. बाबांनी धावत जाऊन खिडकीचा पडदा ओढला. फोन अडखळत वाचू लागला. काम अडलं आहे. पुन्हा प्रयत्न करायचा, की जुन्यावर परत जायचं? मी जुन्यावर परत जायचं निवडलं. मग एकदम बाई आली, तिच्या नेहमीच्या घाईत. मला रडू फुटलं, पण ते बाईसाठी नव्हतं.

संध्याकाळी कॉम्प्युटरवाला आला. "परत दहाच ट्राय करू, ताई?"

"अकरा टाकताना त्यातला आवाज पहिल्या पडद्यापासून बोलतो ना? शेजारी कुणी न बसता?"

"हो, कळा दाबल्या की बोलतो. पण तुमची बाई जाईल."

"जाऊ दे. अकरा टाका."

नव्या बाईचा ळ म्हणजे दिव्य प्रकार आहे. कामाचा वेग पडला, ऑफिसने दोनदा सुनावलं, मी ऐकून घेतलं. नोकरी टिकली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की बाबांची गेलेली नजर परत येणार नाही, राहिली आहे ती इंजेक्शनं देऊन सांभाळू.

आता रोज सकाळी चहा घेऊन बाबा त्याच खुर्चीत येऊन बसतात. मी कॉम्प्युटरवर पेपर लावते. नवी बाई बातम्या वाचते आणि ते प्रत्येक बातमीवर शेरा मारतात. परवा सवयीने मी तिचा वेग वाढवून ठेवला होता. चहाचा कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"अगं, हळू लाव जरा," बाबा म्हणाले. "मला अजून तुझ्याइतकी सवय नाही."