माझ्या लॅपटॉपवर सरांचा पासवर्ड

“भिंतीकडं तोंड करा, बाई. पासवर्ड टाकतोय.”

मी केलं. पन्नाशीला आलेली बाई, सगळ्या ऑफिससमोर, शिक्षा झालेल्या पोरीसारखी भिंतीकडं तोंड करून उभी. मागून कुणीतरी हसलं.

लॅपटॉप माझा होता. सोलापुरातल्या ज्या संस्थेत मी कारकून आहे, तिनं जुने लॅपटॉप कर्मचाऱ्यांना विकले, तेव्हा पैसे भरून घेतलेला. पण आतली मालकी कुणी बदललीच नव्हती. नवीन काही टाकायला गेलं, की तो आमच्या कार्यालयप्रमुखांचा, म्हणजे सरांचा पासवर्ड मागायचा.

मला आकडेवारीचं विश्लेषण करणारं एक सॉफ्टवेअर टाकायचं होतं. मोफत, कुणीही उतरवून घ्यावं असं.

“कशाला हवंय?” सरांनी विचारलं.

“आमच्या वस्तीत नळाला पाणी कधी येतं, किती वेळ राहतं, ते मी लिहून ठेवते. शेजारच्या कॉलनीचंही. दोन्हींचा आलेख सोमवारी पाणीपुरवठा कार्यालयात द्यायचाय.”

सर त्याच कॉलनीत राहतात. मला माहीत होतं. तरी खरं तेच सांगितलं.

बटणांचा आवाज थांबला.

“कोट्यातून नोकरी घेतली, स्वस्तात कॉम्प्युटर घेतला. आता आमचेच नळ मोजणार? हा इथंच ठेवून जा. बघतो नंतर.”

मी वळले.

“सर, तुम्ही विकलाय, मी घेतलाय. द्या इकडं.”

त्यांनी लॅपटॉपवर हात ठेवला. मी त्या हाताखालून तो ओढला. आता कुणी हसलं नाही.

रविवारी सकाळी शेजारची रझिया येऊन बसली. कॉलनीतल्या पाण्याच्या वेळा तीच आणते, तिथं धुण्याभांड्याला जाते म्हणून.

“झालं का ताई? न्हायतर सोमवारी परत नुसतं तोंडानंच भांडायचं व्हय?”

“आधी यातलं सगळं पुसून नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकावी लागेल. सरांचं नाव तेव्हाच जाईल.”

“सगळं? आन् पाण्याचं लिवलेलं?”

“पेन ड्राइव्हवर घेतलंय. दोन ठिकाणी.”

तरी पेन ड्राइव्ह उघडून एकदा तपासलं, मग बटण दाबलं. पडदा काळा झाला. बराच वेळ काळाच राहिला. रझियानं माझा दंड धरला.

मग नवी, मोफत सिस्टिम सुरू झाली. तिनं मालकाचं नाव विचारलं. माझं टाकलं. मग सॉफ्टवेअर. ते मध्येच अडलं, एक फाइल कमी होती. सूचना पुन्हा वाचल्या, फाइल उतरवली, परत सुरुवात केली. दुपारी आलेख उमटला. कॉलनीचे खांब उंच, आमचे बुटके.

“ह्ये तर आपल्याला ठाऊकच हुतं की,” रझिया म्हणाली.

“आपल्याला होतं. पाणीपुरवठावाल्यांना आता नाही म्हणता येणार नाही.”

उद्या सोमवार. आलेखावर कॉलनीचं नाव आहे, वस्तीचं आहे, खाली माझं आहे. सर माझ्या नोकरीच्या मागे लागतील. लागू देत, तिथंही लढेन. पण पाणी सोडणाऱ्या साहेबासमोर मी हात बांधून उभी राहणार नाही. बसून बोलणार आहे. खुर्ची दिली नाही, तर ओढून घेईन.