शुभांगी मॅडमचा नेम सर्व्हर

"ताई, बठ्ठं बंद पडी गयं! सीटी उघडस नही!"

फोन धुळ्याहून गोकुळचा होता. गोकुळ आमच्या धुळे शाखेत सीटी स्कॅनचा टेक्निशियन आहे. घाबरला की तो थेट खान्देशीत शिरतो. मी जळगावला हॉस्पिटलच्या आयटी रूममध्ये होते. बऱ्याच वर्षांपासून या हॉस्पिटलचं नेटवर्क मी सांभाळते. आमचं मुख्य हॉस्पिटल जळगावला आहे आणि एक शाखा धुळ्याला.

मोटरसायकलवरून पडलेला एक पेशंट आला होता, डोक्याला मार. सीटी झालं होतं. मशीनच्या स्क्रीनवर चित्रं दिसत होती. पण वरच्या मजल्यावर ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जन हात धुऊन उभे होते आणि त्यांच्या स्क्रीनवर काहीच येत नव्हतं.

"इंटरनेट आहे का?" मी विचारलं.

"नाही ना. हायवेला खोदकाम चालू आहे. केबल तुटली म्हणताहेत."

मग माझ्या लक्षात आलं. मी गोकुळला म्हटलं, "वर पळ. सीटी सर्व्हरचं नाव टाकू नकोस. मी सांगते तो नंबर टाक."

त्याने नंबर टाकला. दोन श्वास गेले. "उघडनं ताई, उघडनं!" मागून सर्जनचा आवाज आला, "बाजूला हो आता."

पेशंट वाचला. ते श्रेय सर्जनचं. पण प्रश्न माझ्या खात्यातला होता, आणि तो मोठ्या सरांनी दुसऱ्या दिवशी मला विचारला.

"सर्व्हर धुळ्यात. स्क्रीन धुळ्यात. मध्ये एक जिना. आणि केबल हायवेवर तुटली तर चित्रं दिसत नाहीत? हे काय आहे, वंदनाताई?"

मोठे सर म्हणजे हॉस्पिटलचे मालक. स्वतः हाडांचे डॉक्टर. त्यांना मी जे सांगितलं तेच इथे सांगते.

प्रत्येक कॉम्प्युटरला एक नंबर असतो. माणसांना नंबर लक्षात राहत नाहीत, म्हणून आपण नावं देतो. सर्जनच्या स्क्रीनने सीटी सर्व्हरला, म्हणजे चित्रं साठवणाऱ्या मशीनला, नावाने हाक मारली, की आधी एका तिसऱ्या मशीनला विचारावं लागतं, या नावाचा नंबर काय? ते तिसरं मशीन म्हणजे डोमेन नेम सर्व्हर. आमच्याकडे ते एकच होतं, जळगावला. म्हणजे धुळ्यातल्या स्क्रीनला खालच्या मजल्यावरच्या सर्व्हरचा पत्ता विचारायला जळगावपर्यंत यावं लागायचं. रस्ताच बंद झाला तर विचारणार कोणाला?

"मग धुळ्यात दुसरा ठेवा की!" सर म्हणाले.

"सर, मी मागच्या वर्षी तेच म्हटलं होतं."

"हो का?" ते खरोखर विसरले होते. मला सगळं आठवत होतं. मी त्यांच्या केबिनमध्ये उभी राहून सांगितलं होतं की बाइंड नावाचं सॉफ्टवेअर आहे, ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, पैसे पडत नाहीत, आपण जळगावला तेच वापरतो, धुळ्यात त्याची दुसरी प्रत बसवू. सर म्हणाले होते, "फुकटचं? मग भरवशाचं कसं असेल? बघू."

आता ते खुशीत होते. "काळजी करू नका. मी एक एक्स्पर्ट बोलावलाय. पुण्याच्या मोठ्या कंपनीत होत्या. आता धुळ्यात राहायला आल्यात. शुभांगी मॅडम."

मी आडनाव विचारलं. त्यांनी सांगितलं. मी खाली बसले.

शुभांगी आणि मी अमळनेरच्या कॉलेजात एका बाकावर बसायचो. मी धरणगावहून रोज ट्रेनने जायचे-यायचे. ती हॉस्टेलला राहायची, त्यामुळे कॉलेजची लॅब जवळजवळ तिचीच होती. मी गाडी गाठायला पळायचे तेव्हा ती कॉम्प्युटरसमोर असायची. ती पुढे पुण्याला गेली. मी लग्न होऊन जळगावला आले. कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचे फोटो यायचे, कधी सिंगापूर, कधी ॲमस्टरडॅम. मी अंगठा दाखवायचे आणि फोन पालथा ठेवायचे. मनाला लावून घेण्यासारखं काही नव्हतं. तरी लागायचं.

मीटिंगला ती आली. केस छोटे कापलेले, साधा कुर्ता. मला बघून ती खरंच आनंदली. "वंदी! तू इथे?" मी हसले. ते हसू किती खरं होतं ते तिला कळलं नसावं, अशी मला आशा होती.

मग तिने फळ्यावर चौकोन काढला, त्यात जळगाव लिहिलं. दुसरा चौकोन काढला, त्यात धुळे. मध्ये बाण. "जळगावचा प्रायमरी. मूळ यादी इथेच बदलायची. धुळ्याचा सेकंडरी. तो या यादीची कॉपी आपोआप घेत राहील. केबल तुटली तरी धुळ्याकडे स्वतःची कॉपी असेल."

"वा!" सर म्हणाले. "आणि सॉफ्टवेअर?"

"बाइंड. ओपन सोर्स आहे."

"ओपन सोर्स म्हणजे जगातले लोक तपासून बघतात. भरवशाचं!" सर माझ्याकडे वळले. "ताई, लिहून घेताय ना?"

मी लिहून घेत होते. एका वर्षापूर्वीचं माझंच वाक्य मी माझ्याच पेनाने लिहून घेत होते. ती मॅडम होती आणि मी ताई. ताई हा शब्द मला इतकी वर्षं गोड वाटायचा. त्या दिवशी तो स्टूलसारखा वाटला, खुर्ची नसली की देतात तसा.

घरी जेवताना मी सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, "पण तुझंच म्हणणं मान्य झालं ना? मग अडचण काय?" मी त्याला वाढायचं थांबवलं.

काम रविवारी करायचं ठरलं, कारण धुळ्याची ओपीडी रविवारी बंद असते. सकाळी मी बसने धुळ्याला पोचले. शुभांगी आधीच येऊन बसली होती.

बाइंड बसवणं तसं अवघड नाही. एक बऱ्यापैकी कॉम्प्युटर घ्यायचा, त्यावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची आणि एक कमांड द्यायची. सॉफ्टवेअर उतरून येतं. खरं काम त्याच्या पुढे असतं, कॉन्फिगरेशन फाइलमध्ये. कोणत्या नावांसाठी हे मशीन जबाबदार आहे, मूळ यादी कुठून आणायची, प्रश्न विचारायची परवानगी कोणाला, हे सगळं तिथे लिहावं लागतं. बाहेरच्या माणसांना वेगळं उत्तर आणि आतल्यांना वेगळं, अशीही सोय बाइंडमध्ये आहे. एखादा कंस चुकला तर सर्व्हर सुरूच होत नाही. म्हणून सोबत तपासायची एक कमांड येते. सुरू करण्याआधी ती चालवायची.

शुभांगीने ती चालवली. एकही चूक नाही. मी तिच्या खांद्यावरून बघत होते आणि चूक शोधत होते. मन लावून शोधत होते. मिळेना.

मग सर्व्हर सुरू केला तर जळगावची यादी येईना. मला जरा बरं वाटलं. तेवढ्यात तिने लॉग उघडला, म्हणजे सर्व्हर स्वतःच्या घडामोडी लिहून ठेवतो ती फाइल, आणि एका नजरेत म्हणाली, "वंदी, तुमच्या जळगावच्या फायरवॉलमध्ये टीसीपी बंद आहे. साधे प्रश्न यूडीपीवरून जाताहेत. पण पूर्ण यादी टीसीपीने येते."

टीसीपी आणि यूडीपी हे माहिती पाठवायचे दोन मार्ग आहेत. त्यातला एक माझ्या फायरवॉलने, म्हणजे नेटवर्कच्या दारावरच्या पहारेकऱ्याने, अडवला होता. मी तिथूनच फायरवॉलमध्ये शिरून तो उघडला. यादी आली. माझं बरं वाटणं संपलं.

तिने जळगावची मूळ यादीसुद्धा नव्याने नीट लिहून काढली होती. प्रत्येक ओळीला टीप, सगळे आकडे एका सरळ रेषेत. माझी जुनी यादी तिच्यासमोर गबाळी दिसत होती. पुढे धुळ्याच्या सगळ्या कॉम्प्युटरना सांगितलं, आधी धुळ्याच्या सर्व्हरला विचारा, मग जळगावच्या.

दुपारी मोठे सर आले. शुभांगीने त्यांच्यासमोर जळगावकडे जाणारी वायर काढली. गोकुळने सर्जनच्या स्क्रीनवर सीटी सर्व्हरचं नाव टाकलं. चित्र उघडलं. सरांनी टाळ्या वाजवल्या. "मॅडम, मानलं तुम्हाला!" आणि कोणाच्या तरी दुकानाच्या उद्घाटनाला निघून गेले.

शुभांगी वायर परत लावायला वाकली.

"राहू दे," मी म्हटलं. "जेवून येऊ. तोपर्यंत निघालेलीच राहू दे. केबल तुटते तेव्हा काय लगेच जोडली जाते?"

ऐकायला हे शहाणपणाचं होतं. मनातलं वेगळंच होतं. ते बंद पडावं अशी माझी इच्छा होती. कसं पडेल हे मला माहीत नव्हतं, कारण चूक मला दिसलीच नव्हती. पण पडावं. गोकुळला मी सर्व्हरचे नंबर लिहून दिले आणि बजावलं, "काही अडलं तर वायर लगेच लाव. आमची वाट बघू नकोस."

जवळच्या खानावळीत आम्ही शेवभाजी मागवली. शुभांगी वडिलांबद्दल सांगत होती. त्यांना अर्धांगवायू झाला होता, म्हणून ती पुणे सोडून आली होती. एकटीच सगळं करत होती. मी ऐकत होते, पण अर्धा कान फोनकडे होता. जेवण लांबलं. तिने दुसरी भाकरी घेतली तेव्हा फोन वाजला.

"ताई, परत गयं! नाव ओळखतच नाही. मी वायर लावली, आता चालू आहे. पण मध्ये पूर्ण गेलं होतं."

मला इतका आनंद झाला की मी तोंडावर पदर धरला. शुभांगीने भाकरी तशीच ठेवली आणि उठली.

परत येऊन तिने लॉग उघडला. त्यात एक ओळ होती, झोन एक्स्पायर्ड. झोन म्हणजे आमची नावांची यादी. ती ओळ तिने दोनदा वाचली. मीच मूळ यादी उघडली आणि वरचे आकडे बघितले. तेव्हा मला दिसलं.

दुसऱ्या सर्व्हरकडे जी कॉपी असते तिला एक मुदत असते. मूळ सर्व्हरशी तेवढा वेळ गाठ पडली नाही, तर कॉपी शिळी समजायची आणि उत्तरं देणं थांबवायचं. ही मुदत चांगली काही आठवड्यांची ठेवतात. पण नवीन काम चालू असताना बदल लवकर पोचावेत म्हणून बाकीचे वेळ, म्हणजे नवी यादी आली का हे किती वेळाने विचारायचं ते आकडे, कमी करतात. शुभांगीने ते केले होते. करता करता मुदतीचा आकडाही तिने तेवढाच टाकला होता. एक तास. सगळे आकडे एकसारखे, सरळ रेषेत, सुंदर. तपासायची कमांड यात काही बोलत नाही. लिहिण्याच्या दृष्टीने ती चूक नाहीच.

म्हणजे पुन्हा केबल तुटली असती तर तासभर सगळं छान चाललं असतं. आणि मग ऐन कुठल्यातरी पेशंटच्या वेळी धुळे बंद पडलं असतं. या वेळी आम्हाला वाटलं असतं की आपण सगळं करून ठेवलंय, दोष दुसरीकडेच असणार.

हे लक्षात आलं तेव्हा माझा आनंद ओसरला. डोक्याला मार लागलेला तो पेशंट आठवला. "हा आकडा," मी तिला दाखवला.

"अरे देवा!" ती म्हणाली. बस्स, एवढंच. सबब नाही, सारवासारव नाही. तिने मुदत वाढवली, यादीचा सिरियल नंबर एकाने वाढवला, म्हणजे धुळ्याला कळतं की नवी यादी आली आहे. कॉपी पोचली. आम्ही वायर पुन्हा काढली आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिलो. काही पडलं नाही.

सरांचा फोन आला. तिने स्पीकरवर घेतला. काय घडलं ते तिने पूर्ण सांगितलं. "चूक माझी होती, सर. वंदनाने वायर काढून ठेवली नसती तर सापडली नसती. मी पाच मिनिटांत लावणार होते."

"वा! आमच्या ताई आहेतच तशा," सर म्हणाले. "पण मॅडम, तुम्ही किती मोकळेपणाने सांगता! हे फार दुर्मिळ आहे."

चूक तिची. सापडली मला. आणि कौतुक तिच्या मोकळेपणाचं. मला तिच्या मोठेपणाचाही हेवा वाटला. तो तरी मला जमायला हवा होता.

तिने मला तिच्या गाडीने बसस्टँडवर सोडलं. मी उतरताना म्हणाली, "वंदी, एक विचारू? वायर तू मुद्दाम काढलेली ठेवलीस ना?"

"हो."

"पडावं म्हणून?"

"हो."

ती स्टीअरिंगवर डोकं टेकून हसली. "मीसुद्धा ठेवली असती. तुला माहितीये, कॉलेजात तू साडेपाचच्या गाडीने घरी जायचीस ना, तेव्हा मला तुझा किती राग यायचा! तुला जायला घर होतं. मी लॅबमध्ये बसायचे, कारण हॉस्टेलच्या खोलीत रडू यायचं."

जळगावची बस लागली होती. मी उतरले. एरंडोलपर्यंत खिडकीबाहेर बघत होते.

त्यानंतर हायवेची केबल पुन्हा तुटली. मला ते दुसऱ्या दिवशी इंटरनेट कंपनीच्या मेसेजवरून कळलं. धुळ्याहून कोणाचाही फोन आला नव्हता. आमच्या धंद्यात यापेक्षा मोठी शाबासकी नसते.

यातून मी एक गोष्ट शिकले, आणि नवीन मुलं कामाला आली की त्यांना सांगते. केलेल्या कामाची टेस्ट मित्राकडून घेऊ नये. मित्र पाच मिनिटांत टाळ्या वाजवतो. जो तुमच्यावर मनापासून जळतो त्याच्या हातात वायर द्यावी आणि जेवायला जावं.

आता जळगावला काही नवीन बसवलं की मी आधी शुभांगीला बघायला देते. ती माझ्यावर अजून जळते की नाही, मला सांगता येत नाही. पण माझ्या चुका ती ज्या आवडीने शोधून काढते, त्यावरून मला बरीच आशा आहे.