टिकलीमागचा दिवा

जुनी गाडी विकायची म्हणून आज मी डॅशबोर्ड पुसत होतो, तर ऑइलच्या दिव्यावर आईची मरून टिकली अजून चिकटलेली.

बऱ्याच वर्षांपूर्वी मामेबहिणीच्या लग्नासाठी आम्ही याच गाडीने जळगावहून शिरपूरला निघालो होतो. चोपड्याच्या पुढे तो लाल दिवा लागला. बाबा दर दहा मिनिटांनी थांबून ऑइलची पट्टी बघत. ऑइल पुरेपूर, तरी इंजिन बसेल या धास्तीने त्यांना घाम फुटलेला. शेवटी रस्त्याकडेच्या मेकॅनिक नानांनी इंजिनावरचा, दिवा लावणारा स्विच काढून तिथे आपलं ऑइलचं प्रेशर मोजायचं मीटर जोडलं. काटा झपकन वर गेला.

"भाऊ, प्रेशर बराबर शे. हाऊ स्विचच खराब शे. लगीन आटपीसन या, मंग बदलसूत."

तरी बाबांची नजर दिव्यावरून हटेना. आईने कपाळावरची टिकली काढून त्यावर दाबली. "चला आता. हळदीला तरी पोचू द्या."

पुढे स्विच बदलला, पण टिकली काढायचं कुणालाच सुचलं नाही. म्हणजे इतकी वर्षं ऑइल खरंच संपलं असतं, तरी आम्हाला कळलं नसतं! आता घाम मला फुटला. मी धावत जाऊन आईला सांगितलं.

ती शांतपणे म्हणाली, "मग? टिकली लावल्यापासून एकदा तरी दिवा दिसला का?"