वायरमनकाका आणि गच्चीवरचं सोलर

गावाची वीज नगरपालिकेची स्वतःची. दर कमी, आणि तार तुटली तर तासाभरात खात्याची माणसं हजर. त्या खात्यात चौतीस वर्षं खांब चढलेल्या वायरमनकाकांना या विजेचा असा अभिमान होता, की जणू ती यांनीच शोधून काढली. एरवी लेकाने फोनवरून सोलरचं नाव काढल्यावर त्यांनी त्याला उडवूनच लावलं असतं. पण काकू आता ऑक्सिजनच्या मशीनवर होत्या. ते चालायचं विजेवर, आणि गेल्या महिन्यात भर दुपारी चाळीस मिनिटं वीज गेली होती.

लेकाने पाठवलेला सोलरवाला आला. गच्ची मोजून झाल्यावर म्हणाला, "बाहेर वीज गेली तरी तुमच्याकडे चालूच राहणार."

"बॅटरीशिवाय?" काकांनी विचारलं.

तो मोजपट्टी गुंडाळायला लागला. बॅटरी नसेल तर रस्त्यावरची लाईन बंद पडताच गच्चीवरचं सोलरही आपोआप बंद होतं. नाहीतर ती वीज उलटी तारेत शिरते आणि खांबावरचा माणूस जिवाला मुकतो. हे काकांना कोण शिकवणार? शिवाय इतक्या स्वस्त विजेच्या गावात सोलरचा खर्च भरून निघायला अठरा वर्षं लागणार होती, आणि काका होते बहात्तरचे.

"काहीच नको," सोलरवाला गेल्यावर त्यांनी निकाल देऊन टाकला. "लाईन गेली तर मी आहेच. मागच्या वेळी मी धावलो म्हणून फॉल्ट सापडला. आत्ताची पोरं नुसती शिडी धरून उभी."

काकू नाकात नळी घालून खाटेवर ऐकत होत्या. एका दमात त्यांना फार बोलता येत नसे.

"सोलर राहू द्या. बॅटरी तेवढी आणा."

"अगं, ऑक्सिजनचा सिलिंडर आहे की घरात."

"आहे ना. मीच लावला त्या दिवशी. नळी दोनदा निसटली." त्यांनी दम घेतला. "तुम्ही गावाला वीज द्यायला गेला होतात. तुम्ही परत याल तेव्हा मी नसेन, असं वाटलं मला."

फॉल्ट कसा शोधला, हे काकांनी महिनाभर अख्ख्या गल्लीला ऐकवलं होतं. सिलिंडर कोणी लावला, हे घरी आल्यावर विचारायचं मात्र राहून गेलं होतं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. ते नुसतेच "बरं" म्हणाले.

बॅटरी आली. सोलर घेतलं नाही म्हणून लेक थोडा रुसला, मग विसरला.

पुढे एकदा सकाळी दहाला वीज गेली. मशीन बॅटरीवर चालूच राहिलं. काका सवयीने उठले, चपलांत पाय घातले, दारात गेले. खात्याची गाडी भलत्याच गल्लीत वळताना त्यांना दिसली. फॉल्ट कुठे असणार, हे ते डोळे मिटून सांगू शकले असते. त्यांनी चपला काढल्या आणि काकूंच्या खाटेशी येऊन बसले.

त्या दिवशी गावात वीज यायला दीड तास लागला.