छतावरचा उजवा हात

चूक माझी होती, हे सगळ्यात आधी लिहितो. कारण वाचता वाचता तुमच्यातले काही जण माझी बाजू घ्यायला लागतील, आणि ते मला नको आहे. मी माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या थोबाडीत मारली... परक्या देशात, भरलेल्या बसमध्ये, तीस-पस्तीस माणसांसमोर. पुढचं सगळं त्यानंतर झालं.

अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. माझा व्यवसायच तसा आहे. सिंगापूरला हार्बरफ्रंटला आमचं छोटं ऑफिस आहे, मी मरीन सर्व्हेयर. जहाजाचं किंवा मालाचं नुकसान झालं की ते कशामुळे झालं हे शोधून रिपोर्ट द्यायचा. पाणी कुठून शिरलं, गंज किती जुना, तडा कुठल्या बाजूने सुरू झाला... बावीस वर्षांत ‘कारण सापडलं नाही’ असं मी एकाही रिपोर्टात लिहिलेलं नव्हतं.

आणखी एक सांगून ठेवतो. माझ्या उजव्या हाताच्या अनामिकेचं वरचं पेर नाही. इथे येण्याआधी भोसरीला एका कारखान्यात होतो, तिथल्या प्रेसमध्ये ते गेलं.

जून २०१४. शाळेच्या सुट्टीत मी, बायको वैशाली आणि मुलगी अनुजा असे आम्ही जपानला गेलो होतो. ओसाकाच्या हॉटेलवरून एका दिवसाची क्योटोची गाइडेड टूर घेतली होती. बसमध्ये बहुतेक सगळे सिंगापूरचेच. गाइड साठीच्या एक बाई होत्या, हारा-सान. बारीक आवाज, स्वच्छ इंग्रजी आणि हातात पिवळी झेंडी. सोन्याचं मंदिर झालं, केशरी कमानींचा डोंगर झाला आणि दुपारी त्या आम्हाला एका लहानशा देवळात घेऊन गेल्या. आत चपला काढून लाकडी ओसरीवर उभं राहायचं आणि वर बघायचं, एवढंच.

वर छताच्या फळ्यांवर काळपट तपकिरी डाग होते. हारा-सान सांगत होत्या की चारशे वर्षांपूर्वी एका किल्ल्यात शेकडो सैनिक शेवटपर्यंत लढले, आणि किल्ला पडतोय म्हटल्यावर उरलेल्यांनी तिथल्या तिथे स्वतःची पोटं फाडून घेतली. प्रेतं बरेच दिवस तशीच पडून होती. रक्त जमिनीच्या लाकडात मुरलं. नंतर त्या फळ्या कुणी जाळल्या नाहीत की घासल्या नाहीत. त्यांच्यावर पुन्हा कुणाचा पाय पडू नये म्हणून त्या देवळांच्या छताला बसवल्या आणि खाली त्या माणसांसाठी प्रार्थना सुरू केली. एका फळीवर पावलाचा ठसा होता. दुसरीवर अख्खा पंजा... पाचही बोटं पसरलेला.

मी काय केलं, तर त्या पंजाखाली जाऊन माझा उजवा हात वर केला, त्याच्याशी जुळवून, आणि अनूला म्हणालो, “काढ फोटो. बघ, साइझ सेम आहे.”

तिने कॅमेरा खाली घेतला. “बाबा, नॉट नाइस लेह,” ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. “मेलेल्या माणसांचं आहे ते.”

मी हसून तिला ‘आली मोठी शहाणी’ असं काहीतरी म्हणालो आणि फोटो वैशालीला काढायला लावला. वैशालीने काढला, पण माझ्याकडे न बघता. अनू तोवर बाहेर निघून गेली होती.

बस सुटायच्या वेळेला अनूचा पत्ता नाही. हारा-सान पण नाहीत. मागच्या सीटवरचा एक माणूस घड्याळ बघून चिनी भाषेत काहीतरी बोलला, दोघं-तिघं हसले. ते माझ्यावर हसले असं मी धरून चाललो. अकरा मिनिटांनी दोघी आल्या. अनू बसमध्ये चढली, तिने तोंड उघडायच्या आत मी ‘कुठे मेली होतीस’ म्हणून हात चालवला.

पूर्ण ताकदीने. तिचं डोकं दांड्यावर आपटलं. ओठ फाटला, पांढऱ्या टी-शर्टवर रक्ताचे थेंब पडले. आणि गालावर माझा हात उठला... तीन बोटं लांब, एक आखूड.

हारा-साननी ओला रुमाल काढून अनूच्या ओठाला लावला. मग त्यांनी जे केलं ते मला आजही दिसतं. त्या दोन सीटांच्या मधल्या अरुंद जागेत, एका हाताने सीट धरून, माझ्या मुलीसमोर कमरेतून वाकल्या आणि म्हणाल्या, “आय अॅम व्हेरी सॉरी. इट वॉज माय फॉल्ट.” बराच वेळ वाकलेल्या राहिल्या. मला अजूनच राग आला. मी म्हणालो, तुम्ही कशाला माफी मागता, चूक तिची आहे. त्या मला काहीतरी सांगायला लागल्या होत्या. मी हात दाखवून गप्प केलं.

हे पहिल्यांदा झालं नव्हतं, हेही लिहायला हवं. अनू नऊ वर्षांची असताना गणिताच्या पेपरावरून, बारा वर्षांची असताना फोनवरून. दुसऱ्या वेळेनंतर मी वैशालीला शब्द दिला होता. त्या रात्री हॉटेलमध्ये ती फक्त म्हणाली, “परत हात उचलणार नाही असं तू म्हणाला होतास.” मी म्हणालो, सॉरी, पण तिला वेळेचं भान नको का.

सिंगापूरला टॅम्पिनीसच्या आमच्या घरी परतून तीन आठवडे झाले असतील. अनूच्या खोलीच्या छतावर, बरोबर पलंगाच्या वर, बांगडीएवढा तपकिरी डाग दिसला. इथल्या फ्लॅटमध्ये वरच्यांच्या बाथरूमचं पाणी खालच्यांच्या छतातून झिरपणं ही घरोघरची भांडणं आहेत. मी ऑफिसातून ओलावा मोजायचं मीटर आणलं. डागावर लावलं, कोरडं. बाजूच्या पांढऱ्या भागावर लावलं, तेवढंच कोरडं. दुसऱ्या कुणाच्या घरी असतो तर हे पाणी नाही म्हणून तिथेच थांबलो असतो. पण स्वतःच्या घरी मी ठरवलं की मीटर बिघडलंय.

आठवड्यात डाग वाढला आणि त्याला बोटं फुटली.

अनू त्याबद्दल काही बोलली नाही. ती एकूणच माझ्याशी बोलत नव्हती. विचारलं की “ओके”, “नो नीड.” मराठी बंद. मग एक दिवस तिने आईला सांगितलं की मला त्या खोलीत झोप येत नाही, मी मावशीकडे जाते. वैशालीची बहीण तोआ पायोहला राहते. दोन दिवसांसाठी म्हणून गेली ती आठवडा झाला तरी येईना. वैशाली एकदा भाजी चिरता चिरता म्हणाली की ती आता परत येईल असं वाटत नाही, आणि आली नाही तर मीही इथे कशासाठी राहू ते मला कळत नाही. आवाज जरासुद्धा चढलेला नव्हता.

माझ्या डोक्यात त्याचं एकच उत्तर होतं... डाग घालवला की मुलगी परत येईल.

मी वर गेलो. वरच्या फ्लॅटमध्ये टॅन अंकल राहतात, सत्तरीचे, एकटे. त्यांनी जाळीचा दरवाजा उघडला आणि मी बोलायला सुरुवात केली ती ओरडूनच. ते शांतपणे म्हणाले की माझ्याकडे काही गळत नाही. मी त्यांचा बनियन धरला आणि ढकललं. म्हातारा माणूस चपलांच्या रॅकवर जाऊन पडला. कोपराची कातडी सोलून निघाली, हाताखाली लाल ओघळ आला. मला वाटलं आता पोलीस येणार. ते भिंतीला धरून उठले.

“यू कम इन फर्स्ट,” ते म्हणाले. “यू सी विथ युअर ओन आइज.”

आमच्या अनूच्या खोलीच्या वर त्यांच्या वारलेल्या बायकोची खोली होती. नीट घातलेला पलंग, खिडकीत तिचा फोटो. ना नळ, ना पाइप. मी खिशातलं मीटर काढून गुडघ्यांवर बसून फरशा तपासल्या, एकेक. ठणठणीत कोरड्या. टॅन अंकल मागे उभे होते, आणि त्यांच्या कोपरातलं रक्त त्या स्वच्छ फरशीवर टपकत होतं. दुसऱ्या दिवशी जाऊन मी त्यांची माफी मागितली. ते सोपं गेलं. परक्या माणसाची माफी मागता येते.

मग रंगारी बोलावला, मुत्तू नावाचा. त्याने डाग खरवडला, डाग वर येऊ नये म्हणून सीलर मारला, वर दोन हात पांढरा रंग. तिसऱ्या दिवशी सकाळी डाग जागेवर. तो पुन्हा आला, पुन्हा तेच केलं. पुन्हा तिसऱ्या दिवशी डाग. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी त्याला पाण्याचा ग्लास दिला. ग्लास घेताना त्याची नजर माझ्या हातावर गेली, मग वर छताकडे, मग पुन्हा हातावर. त्याने पाणी न पिता ग्लास टेबलावर ठेवला. “धिस वन नॉट वॉटर, सर,” म्हणाला आणि डबे उचलून गेला. तोपर्यंत मी त्या डागाची बोटं मोजलीच नव्हती, खरं सांगतो.

तो शनिवार होता. दुपारी अनू तिची पुस्तकं न्यायला येणार होती. मी शिडी लावली आणि वर चढून माझा उजवा पंजा त्या डागावर टेकवला.

बसला. करंगळी करंगळीवर, अंगठा अंगठ्यावर. अनामिका जिथे संपते तिथे डागाचंही बोट संपत होतं. आणि ती जागा गरम होती. खोलीत एसी चालू होता, आजूबाजूचं सिमेंट गार होतं, आणि माझ्या तळव्याखाली ताप आलेल्या माणसाच्या गालासारखं गरम.

पुढचं मला तुटक आठवतं. मी हातोडी आणली. वरून प्लास्टरचे तुकडे माझ्या तोंडावर, अनूच्या पलंगावर, तिच्या उशीवर पडत होते. डोळ्यांत धूळ. हातोडी निसटली तेव्हा मुठीने मारायला लागलो. बोटांची सालटी निघाली, रक्त मनगटावरून कोपरापर्यंत आलं. तोंडातून काय शिव्या येत होत्या ते वैशालीने मला नंतरही सांगितलं नाही. मी छताला मारत होतो, पण हात तोच होता आणि मारायची पद्धतही तीच होती...

“बाबा, आत पण आहे.”

अनू दारात उभी होती. मराठीत बोलली होती. मी वर बघितलं. प्लास्टर पूर्ण निघालं होतं, आतलं करडं काँक्रीट उघडं पडलं होतं आणि त्यावर तोच पंजा होता. तसाच, तेवढाच.

ती पुढे आली आणि तिने दोन्ही हातांनी शिडी धरली. “उतर. पडशील.”

मी वरच बसलो, पायरीवर. तिला विचारलं, हे माझ्या हातासारखं आहे हे तुला कधी कळलं.

“पहिल्या दिवशी,” ती म्हणाली. “मला वाटलं फक्त मलाच दिसतंय.”

मग तिने, शिडी न सोडता, मी कधीच न विचारलेलं सांगितलं. त्या दिवशी ती बाहेरून परत देवळात गेली होती. एकटीने हात जोडायला संकोच वाटला म्हणून तिने हारा-सानना बरोबर नेलं. “तू तो फोटो काढून घेत होतास ना, म्हणून मी त्या मेलेल्या माणसांना सॉरी म्हणायला गेले. तुझ्या वतीने. हारा-सान म्हणाल्या, टेक युअर टाइम.”

अकरा मिनिटं.

पाच वर्षं झाली याला. आमच्याच क्षेत्रातल्या एका मित्राने काँक्रीट पाहून लोखंडी सळीचा गंज असेल असं सांगितलं. सळी कुठे आहे ते आम्ही यंत्राने पाहिलं, तिथे सळी नाही. डाग अजून आहे, थोडा फिका झालाय. प्लास्टर पुन्हा केलं, पण तेवढी जागा सोडून, कारण अनूने झाकू दिलं नाही. ती आता युनिव्हर्सिटीत आहे, त्याच खोलीत झोपते. मी हात लावून पाहतो अधूनमधून. आता गार लागतं. रिपोर्ट लिहायचा झाला तर मला पहिल्यांदाच लिहावं लागेल, कारण सापडलं नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचत असेल तर सांगा, पण मी फार आशेवर नाही.

त्या दुपारचं एवढंच राहिलं. मी शिडीवरून उतरलो. वैशाली दारात येऊन उभी होती. आजवर ज्या ज्या वेळी मी सॉरी म्हणालो होतो, त्याच्यापुढे ‘पण’ होतं. मी रक्ताळलेले हात मागे घेतले, आणि त्या बाई बसमध्ये वाकल्या होत्या तसा माझ्या मुलीसमोर कमरेतून वाकलो. जमिनीवर प्लास्टर पडलं होतं, तिच्या चपला दिसत होत्या.

“अनू, मी तुला मारलं. तुझी काहीही चूक नव्हती. नऊ वर्षांची होतीस तेव्हाही नव्हती, बारा वर्षांची होतीस तेव्हाही नव्हती. मला माफ कर.”